रुग्णशय्येपाशी मायबाप

संत मार्कलिखित शुभवर्तमानातील दोन प्रसंग आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. सभास्थानाचा अधिकारी याईर ह्याची बारा वर्षांची मुलगी मरणपंथाला लागलेली असते. तो प्रभू येशूकडे धाव घेतो. प्रभू त्याच्या घरी पोचतो तेव्हा तेथे रडारड आणि गलबला चाललेला असतो. त्या सर्व गर्दीला तो बाहेर घालवतो. मुलीच्या आईवडिलांना मात्र आपल्याबरोबर आत घेतो आणि मगच तिचा हात हाती धरतो. दुसरा प्रसंग रूपांतराच्या डोंगरावरून उतरल्यानंतरचा. एक बाप आपल्या मुलाला घेऊन आलेला आहे. मुलगा एकाएकी जमिनीवर कोसळतो, त्याच्या तोंडाला फेस येतो, तो दात खातो, त्याचे अंग ताठरते. आजचा कोणताही डॉक्टर ह्या वर्णनावरून अपस्माराचा विचार करील. तेथे प्रभू मुलाला बरे करण्यापूर्वी बापाला विचारतो की, हे केव्हापासून होत आहे. आणि बाप बाळपणापासूनची सारी हकिकत सांगतो.

प्रवचनांतून ह्या प्रसंगांतील श्रद्धेवर भर दिला जातो आणि तो योग्यच आहे. आम्ही येथे त्यांतील एका लहानशा तपशिलाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिल्या प्रसंगात मायबापांना खोलीच्या आत घेतले गेले. दुसऱ्यात बापाला विचारले गेले. आत घेणे आणि विचारणे ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या आजाराने अंथरुणाला खिळलेल्या मुलांच्या शुश्रूषेचा इतिहास आम्ही पाहू लागलो, तेव्हा त्याचे सार ह्या दोन गोष्टींत सामावलेले आहे असे आम्हांला दिसून आले. पाश्चात्त्य रुग्णालयांनी मायबापांना आधी बाहेर काढले आणि पुढे मोठ्या प्रयासाने आत घेतले. आमच्या देशात मायबाप रुग्णालयातून कधी बाहेर गेलेच नाहीत; पण त्यांना विचारण्याचे काम मात्र आम्ही अजून पुरते शिकलेलो नाही.

पहिले निरीक्षक

मुलांच्या मेंदूविकारांचे शास्त्र घरातील माणसांच्या डोळ्यांवर किती अवलंबून आहे हे सांगणारी दोन उदाहरणे त्या शास्त्राच्या इतिहासातच आहेत. १८४१ साली इंग्लंडमधील डॉ. विल्यम जेम्स वेस्ट ह्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाला एक पत्र लिहिले. विषय होता त्यांचा स्वतःचा मुलगा. तो चार महिन्यांचा असताना त्याची मान अधूनमधून पुढे झुकू लागली. पुढे पुढे डोके गुडघ्यांपर्यंत जाई, क्षणात सरळ होई आणि पुन्हा झुके. असे दहावीस वेळा लागोपाठ होत असे. हळूहळू बाळ हसेनासे झाले, त्याची वाढ खुंटली. जळवा लावून झाल्या, औषधे देऊन झाली, उतार पडेना. तेव्हा हा बाप आपल्या व्यवसायबंधूंना जाहीरपणे विचारतो की, असे कोणी पाहिले आहे काय? त्या वेळी त्यांना उत्तर मिळाले नाही. पण त्यांनी केलेले वर्णन इतके नेमके होते की, तान्ह्या मुलांचा तो आजार आज जगभर ‘वेस्ट सिंड्रोम’ ह्याच नावाने ओळखला जातो. एका बापाने आपल्या लेकराकडे तासन् तास पाहत राहावे आणि जे दिसले ते न लपवता लिहावे, ह्यातून एका रोगाची ओळख जगाला झाली.

दुसरे उदाहरण नॉर्वेतील. बोर्ग्नी एगेलँड ह्या मातेची दोन मुले जन्मतः निरोगी दिसली, पण वाढत्या वयाबरोबर त्यांची बुद्धी मंदावत गेली. मुलांच्या लघवीला एक विशिष्ट कुबट वास येतो हे तिने हेरले होते. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, कोणी तिकडे लक्ष दिले नाही. १९३४ साली डॉ. आस्ब्यर्न फॉलिंग ह्यांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि लघवीची रासायनिक तपासणी केली. त्यातून ‘फिनाइलकीटोन्युरिया’ ह्या विकाराचा शोध लागला. आहारातील एक घटक शरीरात पचत नाही, त्याचा संचय होऊन मेंदूला इजा पोचते, हे कळले. पुढे जन्मानंतर लगेच टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा विकार ओळखता येऊ लागला आणि योग्य आहाराने असंख्य मुलांची बुद्धी वाचली. त्या मातेच्या स्वतःच्या मुलांसाठी तो शोध उशिरा लागला. परक्यांच्या मुलांसाठी तो वरदान ठरला.

ही उदाहरणे योगायोगाची नव्हेत. छातीत कफ असेल तर डॉक्टर नळी लावून तो केव्हाही ऐकू शकतो. अपस्माराचा झटका मात्र डॉक्टरांच्या फेरीची वाट पाहत नाही. तो पहाटे येतो, झोपेत येतो, दूध पाजताना येतो आणि डॉक्टर खाटेपाशी येईपर्यंत मूल शांत निजलेले असते. झटका कोणत्या हातापासून सुरू झाला, डोळे कुठे वळले, किती वेळ चालला, आधी ताप होता काय, नंतर मूल ओळखत होते काय, ह्या प्रश्नांची उत्तरे ज्याने पाहिले त्याच्यापाशीच असतात. आणि निदान पुष्कळदा त्या उत्तरांवरच ठरते. मेंदूचा आलेख आणि चित्रण काढणारी यंत्रे आली, तरी ही गोष्ट बदललेली नाही. अलीकडे आईने मोबाइलवर टिपलेले झटक्याचे चित्रण डॉक्टर आवर्जून मागतात, ते ह्याच कारणाने.

दारे बंद झाली ती कशी

असे असताना मायबाप वॉर्डाबाहेर गेले कसे? मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालये ही तशी अलीकडची गोष्ट. पॅरिसचे पहिले मोठे बालरुग्णालय १८०२ सालचे, लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट १८५२ सालचे. आमच्या मुंबईत परळ येथे वाडिया बंधूंनी आपल्या मातोश्री बाई जेरबाई ह्यांच्या नावाने बालरुग्णालय उभारले ते १९२९ साली. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला बाहेरून वॉर्डात शिरला की खाटांमागून खाटा रिकाम्या होत. बाहेरून येणारा प्रत्येक माणूस रोग घेऊन येतो, अशी समजूत त्यातून दृढ झाली. दुसरे कारण शिस्तीचे. आई भेटून गेली की मूल तासभर रडे. आई आलीच नाही तर ते काही दिवसांत गप्प होई. गप्प झालेले मूल ‘रुळले’ असे परिचारिका समजत.

१९४९ साली लंडनमधील रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा प्रसिद्ध झाल्या, त्या आज वाचवत नाहीत. एका प्रख्यात रुग्णालयात रविवारी दुपारी दोन तास. दुसऱ्यात पहिला महिनाभर भेट नाही. संध्याकाळी मूल झोपले असताना ते पाहण्याची तेवढी मुभा. तिसऱ्यात तीन वर्षांखालील मुलांना भेटायचेच नाही, फक्त आडोशाच्या काचेतून पाहायचे. क्षयाच्या मेंदूज्वराने आणि पोलिओने आजारी असलेली मुले तर महिनोन् महिने रुग्णालयात राहत. घरी परतल्यावर ती आईला ओळख देत नसत.

उघडली ती कशी

ह्या प्रथेविरुद्ध पहिले पाऊल टाकणाऱ्यांत न्यूकॅसलचे डॉ. जेम्स स्पेन्स ह्यांचे नाव घेतले जाते. १९२५ च्या सुमारास त्यांनी तेथील तान्ह्या मुलांच्या रुग्णालयात आईलाही बाळाबरोबर राहू देण्यास आरंभ केला. आजारी बाळाची शुश्रूषा आईने करावी, परिचारिकेने तिला साहाय्य करावे, असा त्यांचा क्रम होता. सहव्यावसायिकांनी ह्याकडे एका भल्या डॉक्टराची लहर म्हणून पाहिले.

मत बदलले ते एका चित्रपटाने. जेम्स रॉबर्टसन हे मूळचे डॉक्टर नव्हते. युद्धकाळात अ‍ॅना फ्रॉइड ह्यांच्या लंडनमधील बालसंगोपनगृहात ते बॉयलरची देखभाल करण्याच्या नोकरीवर लागले. तेथील नियम असा की, लहानमोठ्या प्रत्येक कामगाराने मुलांविषयी जे दिसेल ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. तेथे रॉबर्टसन पाहायला शिकले. पुढे डॉ. जॉन बोल्बी ह्यांच्याबरोबर काम करताना त्यांनी हाती धरायच्या साध्या कॅमेऱ्याने दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातील आठ दिवस चित्रित केले. शस्त्रक्रिया किरकोळ होती. हवे तेवढेच निवडून दाखवले असा आक्षेप कोणी घेऊ नये म्हणून रोज ठरलेल्या वेळी चित्रण होई आणि चित्रात घड्याळही दिसे. मुलगी आक्रस्ताळी नव्हती. ती हुंदका गिळते, बाहुली घट्ट धरते, आई आली की तोंड फिरवते. १९५२ साली लंडनच्या वैद्यकीय सभेत हा चित्रपट दाखवला गेला तेव्हा कित्येक डॉक्टर आणि परिचारिका संतापल्या. पण घरी जाऊन त्यांच्यापैकी काहींनी आपापल्या वॉर्डातील ‘रुळलेली’ मुले नव्या डोळ्यांनी पाहिली. रॉबर्टसन ह्यांनी दाखवून दिले की, मूल आधी आक्रोश करते, मग निराश होते आणि शेवटी मन तोडून घेते. ज्याला शिस्त समजले गेले, ती ही तिसरी पायरी होती.

१९५९ साली सर हॅरी प्लॅट ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. भेटीच्या वेळांवरील बंधने काढावी आणि लहान मुलांबरोबर आईलाही दाखल करून घ्यावे, अशी शिफारस त्यात होती. रुग्णालये हलेनात, तेव्हा १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातील मातांनीच संघटना स्थापून त्या अहवालाच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा सुरू केला. अमेरिकेत १९८७ साली तेथील सर्वोच्च आरोग्याधिकारी डॉ. एव्हरेट कूप ह्यांनी, दीर्घ आजाराच्या मुलांची सेवा कुटुंब केंद्रस्थानी ठेवून व्हावी, असे आवाहन केले. ते स्वतः बालशल्यविशारद होते. १९८८ साली हॉलंडमधील लायडन येथे युरोपीय संघटनांनी रुग्णालयातील मुलांच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार केली. मायबाप हे पाहुणे नव्हेत, ते शुश्रूषेचे भागीदार आहेत, हा विचार असा साठ वर्षांत सर्वमान्य झाला.

आमच्याकडील चित्र

आता आपल्या देशाकडे वळू. आमच्या सरकारी वा मिशन रुग्णालयांच्या वॉर्डात आई नाही असे कधी झाले नाही. ह्याचे श्रेय कोणत्याही अहवालाला नाही. परिचारिकांची संख्या अपुरी, म्हणून पुसणे-भरवणे नातेवाइकांकडे आले. सोवळ्याओवळ्यामुळे बाहेरचे अन्न चालेना, म्हणून मिशन रुग्णालयांच्या आवारांत नातेवाइकांसाठी चुली पेटल्या. खाटेवर लेकरू, खाली चटईवर आई, व्हरांड्यात बाप, झाडाखाली आजी, असे हे दृश्य. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला ह्या गर्दीची लाज वाटे. ती हटवावी कशी, हाच प्रश्न वर्षानुवर्षे चर्चिला गेला.

ह्या गर्दीत बळ आहे हे ओळखणारी माणसेही आमच्याच देशात निघाली. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर ह्यांनी १९५० च्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या कुटुंबीयांना तेथे राहावयास बोलावले. घरची माणसे जवळ असली की रुग्ण लवकर सुधारतो आणि घरी परतल्यावर त्याला कोणी टाकून देत नाही, हे त्यांना दिसले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ साली मनोरुग्णांसाठी केंद्र सुरू केले. त्याच्या उभारणीत डॉ. फ्लॉरेन्स निकल्स ह्या कॅनडाच्या मिशनरी डॉक्टरीणबाईंचा मोठा वाटा होता. तेथे रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहिलेच पाहिजे, असा दंडक पडला. बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या विभागातही आईने राहावे आणि मुलाला शिकवण्याची रीत स्वतः शिकून घेऊन घरी जावे, हा परिपाठ ठरला. पाश्चात्त्यांनी पुस्तकांतून जे सिद्ध केले, ते ह्या मंडळींनी गरिबीतून उचलले.

मुंबईचेही ऋण मान्य केले पाहिजे. क्षयाचा मेंदूज्वर हा पूर्वी मुलांच्या बाबतीत मृत्यूचा पर्याय होता. १९४४ साली स्ट्रेप्टोमायसिन जाहीर झाले, १९५२ साली आयसोनियाझिड आले, तेव्हा ही मुले वाचू लागली. मात्र त्यासाठी दीर्घकाळ उपचार घ्यावा लागे. पाठीच्या कण्यात पुनःपुन्हा सुई टोचावी लागे. जे. जे. रुग्णालयातील डॉ. पु. म. उदानी ह्यांनी ह्या रोगाच्या अभ्यासात आयुष्य वेचले. असल्या उपचाराचे यश औषधाइतकेच चिकाटीवर अवलंबून असते. महिनोन् महिने गोळी चुकू न देणारे कोणी घरात असले तरच मूल तरते.

ह्याच शहरात दोन मातांनी नवा मार्ग काढला. आपल्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला तेव्हा फातिमा इस्माइल ह्यांनी तिच्यासाठी मद्रासपर्यंत धाव घेतली, उपचाराची रीत डोळसपणे पाहिली आणि १९४७ साली मुंबईत इतरांच्या मुलांसाठी केंद्र सुरू केले. त्यातूनच पुढे हाजी अली येथे अस्थिव्यंग मुलांचे रुग्णालय उभे राहिले. १९७२ साली मिठू अलूर ह्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांच्या कन्येला मेंदूचा पक्षाघात होता. देशात अशा मुलांसाठी शाळाच नव्हती, ती आईने काढली. ही मुलगी, मालिनी छिब, पुढे उच्चशिक्षित होऊन लेखिका झाली. ह्या दोघी सुशिक्षित, शहरी होत्या, हे खरे. पण त्यांनी जे केले त्याचे बीज प्रत्येक वॉर्डातील चटईवर आहे, अशी आमची धारणा आहे.

बुलढाण्याची वाट

आमच्या बुलढाणा जिल्ह्याने राज्यकर्ते अनेक पाहिले. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०३ साली ते मध्य प्रांताला जोडले गेले, १९५६ साली मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. राजधानी हैदराबाद असो, नागपूर असो वा मुंबई, ती जिल्ह्यापासून दूरच राहिली. आणि मोठी रुग्णालये राजधानीच्या पाठोपाठ जातात. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालचे, औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५६ सालचे, अकोल्याचे २००२ सालचे. बुलढाण्याहून अकोला सुमारे शंभर, संभाजीनगर दीडशे आणि नागपूर साडेतीनशे किलोमीटर.

अंतर किलोमीटरांत मोजून पुरत नाही. जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग पडतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली रेल्वेमार्गावर आहेत; घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणारला रेल्वे नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी पाड्यांना तर तालुक्याचे गावही लांब. अशा पाड्यावरील लेकराला ताप चढून आकडी येते तेव्हा काय होते ते पाहा. आधी कांदा हुंगवला जातो, वहाण नाकाशी धरली जाते, अंगारा लावला जातो. मग ग्रामीण रुग्णालय, तेथून जिल्हा रुग्णालय, तेथून चिठ्ठी घेऊन परजिल्हा. मेंदूज्वरात एकेक तास मोलाचा असतो. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदिपुरा गावी सापडलेल्या विषाणूने २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना गाठले आणि त्यांतील १८३ दगावली. त्या साली महाराष्ट्रालाही त्याची झळ लागली. वाळूमाशीने पसरणारा तो आजार विदर्भाला अपरिचित नाही. आणि त्याच्या गतीपुढे चिठ्ठ्यांचा हा प्रवास टिकत नाही.

मूल वाचले तर पुढचा प्रश्न उभा राहतो. परगावच्या वॉर्डात आई महिनाभर राहते. सोयाबीनच्या सोंगणीचे किंवा कापूस वेचणीचे दिवस असले तर बापाची मजुरी बुडते. घरी मागे राहिलेली दोन लेकरे शेजारणीच्या भरवशावर असतात. आणि ह्या साऱ्या त्यागाच्या बदल्यात तिच्या पदरात काय पडते? ती रात्रभर जागते, सलाईन संपले की सिस्टरला हाक मारते, नळीतून दूध घालते, लेकराची कूस बदलते. रुग्णालय तिच्या हातांचा पुरेपूर उपयोग करून घेते. सकाळी फेरी आली की मात्र तिला पुष्कळदा ‘बाहेर थांबा’ असे सांगतात; तिच्या लेकराविषयीची चर्चा तिला न समजणाऱ्या भाषेत होते; आणि एके दिवशी डिस्चार्जचा कागद हाती देऊन ‘गोळ्या बंद करू नका’ एवढेच बजावले जाते. गोळ्या किती वर्षे, का, चुकली तर काय, उलटी झाली तर पुन्हा द्यायची काय, हे तिला कोणी बसवून सांगत नाही. मग सहा महिने झटका आला नाही की घरातील वडीलधारी म्हणतात, ‘लेकरू बरं झालं, आता कायले औषध?’ गोळ्या थांबतात आणि झटके पुन्हा येतात, कधी पूर्वीपेक्षा जबर. दोष पुन्हा आईच्याच माथी. कुठे देवीचा कोप म्हणून, कुठे तिच्या कुळाचा म्हणून.

आम्ही आरंभी म्हटलेला फरक तो हाच. आईला आत घेतले आहे, पण विचारलेले नाही.

विचारणे म्हणजे काय

विचारणे म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. ती उपचाराची एक रीत आहे आणि तिला काही ठरीव अंगे आहेत. फेरीच्या वेळी आई खाटेपाशी असावी आणि रात्रीचा वृत्तान्त प्रथम तिने सांगावा. निदान काय झाले ते तिच्या भाषेत सांगितले जावे आणि ‘तुम्ही घरी जाऊन सासूबाईंना हे कसे सांगाल?’ असे विचारून तिला ते समजले की नाही हे ताडून पाहावे. झटका आला तर लेकराला कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये, हातपाय दाबून धरू नयेत, घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपुढे गेला तर तो धोक्याचा समजावा. डॉक्टरांनी नाकात मारण्याचा फवारा दिलेला असेल तर तो कसा वापरायचा, हे तिने वॉर्डातच करून दाखवावे. ताठरलेले सांधे हलवण्याचे व्यायाम, गिळता न येणाऱ्या मुलाला भरवण्याची पद्धत, ह्याही गोष्टी घरी जाण्यापूर्वी तिच्या हाताला वळण देऊन शिकवाव्या. बापालाही बोलवावे, कारण गोळ्यांचे पैसे आणि औषध चालू ठेवण्याचा निर्णय पुष्कळदा त्याच्या हाती असतो. आणि बरे होणार नाही असे दुखणे असेल तर तेही दडवू नये. खोट्या आशेवर दाराेदार फिरून कर्जबाजारी होण्यापेक्षा खरे ऐकण्याचे दुःख पुष्कळ हलके.

ह्या दिशेने आमच्या देशात पावले पडू लागली आहेत, हे समाधानाचे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने मुलांमधील जन्मजात व्यंगे आणि वाढीतील विलंब वेळीच हुडकण्याची आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर केंद्रे उभारण्याची योजना आखली. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात मायबापांना हात धुण्यापासून दूध भरवण्यापर्यंत शिकवून आत घेण्याचा प्रयोग झाला आणि २०१७ साली केंद्र सरकारने त्या धर्तीवर देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गुदमरून जन्मलेल्या किंवा कमी दिवसांच्या अर्भकांनाच पुढे मेंदूच्या पक्षाघाताचा धोका अधिक असतो. तेव्हा आईचे शिक्षण तेथूनच सुरू व्हावे हे उचित होय. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. नागपूर १९४७, औरंगाबाद १९५६, अकोला २००२ आणि बुलढाणा २०२४. वाट जवळ आली आहे. नव्या महाविद्यालयात इमारतींबरोबर रीतही नवी घडवता येते. तेथील बालविभागात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने केसपेपर उघडण्यापूर्वी चटईवरच्या आईशेजारी बसावे, हा पहिला धडा ठरावा, अशी आमची अपेक्षा आहे.

आमचा वाटा

बुलढाणा जिल्हा १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. येथे आम्ही कॅथलिक मूठभर आहोत. मोठी रुग्णालये उभारण्याचे सामर्थ्य आमच्यापाशी नाही आणि आज त्याची तितकी गरजही नाही. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आहे, ह्याचे स्मरण आम्हांला असेल, तर ती लहानशी ख्रिस्तसभा जेव्हा परगावच्या वॉर्डात खाटेखाली पथारी टाकते तेव्हा तिच्यापर्यंत जाणे हे आमचे काम आहे. मग ते घर ख्रिस्ती असो वा नसो. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी सुरू केलेला जागतिक रुग्णदिन १९९३ पासून दरवर्षी ११ फेब्रुवारीला पाळला जातो. त्या दिवशी फळे वाटून फोटो काढण्याची प्रथा पडली आहे. फळांना आमचा विरोध नाही. पण त्या आईला अधिक गरज असते ती दोन तास झोपेची. तेवढा वेळ खाटेपाशी बसणारे कोणी हवे. तिला गरज असते गावी राहिलेल्या लेकरांना जेवू घालणाऱ्या शेजारणीची, अकोल्याला वा नागपूरला बापाने रात्र काढावी अशा एका कोपऱ्याची, महिन्याच्या गोळ्या संपण्याआधी आठवण करणाऱ्या माणसाची. धर्मग्रामातील महिला मंडळाला, युवक संघाला आणि आमच्या धर्मभगिनींना ह्यांतील एकही गोष्ट अशक्य नाही.

आणखी एक काम आहे, ते त्याहून अवघड. मिरगीचे लेकरू घरात लपवले जाते, शाळेतून काढले जाते, लग्नाच्या बोलणीत त्याच्या बहिणीलाही भोगावे लागते. हा आजार मेंदूतील विद्युत्‌प्रवाहाच्या बिघाडाचा आहे, तो स्पर्शाने पसरत नाही, बहुतेक मुलांत तो औषधाने आटोक्यात राहतो, हे वारंवार, चारचौघांत आणि व्यासपीठावरूनही सांगितले गेले पाहिजे. डोंगराखाली जमलेल्या त्या गर्दीत मुलाचा बाप एकटा पडला होता. शिष्य हतबल होते, शास्त्री वाद घालत होते, बघे बघत होते. त्याला त्याच्या लेकराविषयी विचारणारा एकच जण निघाला. आमच्या जिल्ह्यातल्या अशा मायबापांना विचारणारे अधिक निघोत, एवढीच ह्या लेखामागची आमची इच्छा आहे.